नऊ पंच आणि त्यातले तिघे
(शिबिरात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेले भाषण. टिपणावरून उतरवून घेतले आहे.)



सकाळपासून कोर्टाचंच चाललंय. जामीन, तारखा, पंचनामे. दुपारी एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "एकटा साहेब खुर्चीवर बसतो नि आपल्याला आत टाकतो. आधी म्हणे पंच बसायचे. ते कुठं गेले?" त्याचं उत्तर देतो. उद्याच्या आपल्या निर्णयाशी त्याचा संबंध आहे.

पंच बसायचे हे खरं. त्याला ज्यूरी म्हणत. मुंबई हायकोर्टात नऊ जण बसत. साक्षीपुरावा ऐकून माणूस दोषी की निर्दोष, एवढं त्यांनी सांगायचं. शिक्षा न्यायाधीशाने द्यायची. पंच आपसात बोलायला आत जाण्याआधी न्यायाधीश त्यांना कायदा समजावून सांगे. ही समजावणी फार महत्त्वाची. वाट तिथंच वळते.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशात तेव्हा बारा पंच होते, आणि बाराच्या बारा एकमत झाल्याशिवाय कुणी दोषी ठरत नसे. इथं मात्र त्यांनी वेगळा कायदा लावला. नवातले सहा एका बाजूला आणि न्यायाधीश त्यांच्याशी राजी, की झालं काम.

त्यातून काय झालं ते बघा. १८९७ साली टिळकांवर 'केसरी'तल्या मजकुरासाठी राजद्रोहाचा खटला झाला. पंचांत सहा युरोपियन, तीन इथले. न्यायाधीश स्ट्रेची यांनी पंचांना समजावलं, की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. आता सांगा, प्रेम नसणं हा गुन्हा ठरला तर आपल्यातला कोण सुटेल? सहा युरोपियन म्हणाले दोषी. तिघे म्हणाले निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

१९०८ साली पुन्हा तेच. सात युरोपियन, दोन पारशी. लेख मराठीत, आणि युरोपियन पंच वाचणार इंग्रजी भाषांतर. भाषांतरात अर्थ बिघडलाय, हे टिळक स्वतः उभे राहून दिवसच्या दिवस सांगत होते. न्यायाधीश दावर यांची समजावणी त्यांच्या विरुद्ध गेली. सात म्हणाले दोषी, दोघे म्हणाले निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग.

दोन्ही वेळी इथल्या माणसांनी 'नाही' म्हटलं. त्या 'नाही'ला कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. नुसतं मोजलं आणि बाजूला ठेवलं. एकमताचा नियम असता तर सहांना त्या तिघांपुढे बसून पटवून द्यावं लागलं असतं, नाहीतर खटला अडला असता.

पुढे १९७३ च्या फौजदारी कायद्यात ज्यूरी राहिलीच नाही. म्हणून आज साहेब एकटा बसतो, बाबा.

आता आपलं. खात्याचं म्हणणं तुम्ही ऐकलंय. वरची अर्धी जमीन लागवडीला सोडा, खालची अर्धी कसा, दावे मागे घेतो. काल हात वर करायला सांगितले तर बहुतेकांनी केले. सात घरांनी नाही केले. ती सात घरं कोणती? ज्यांची सगळी जमीन वरच्या अंगाला आहे तीच. आपल्या हाताने आपण त्यांची जमीन देऊन टाकत होतो, आणि त्याला बहुमत म्हणत होतो.

कुणी म्हणेल, एक जण फितला तर सगळं गाव अडवील. अडवू शकतो. म्हणून 'नाही' म्हणणाऱ्याने सभेत उभं राहून कारण सांगायचं. खरं कारण असेल तर ते सगळ्यांना ऐकू येतं. नसेल तर तेही कळतं.

प्रत्येक गोष्टीला एकमत लागत नाही. मोर्चा सोमवारी की मंगळवारी, हात मोजा. पण कुणाचं घर, जमीन, सुटका जाणार असेल तिथं मोजणी चालणार नाही. तिथं बसायचं, रात्र झाली तरी बसायचं.

आणखी एक. उद्या खात्याचा कागद वाचून दाखवणारा आपलाच माणूस असेल, पण तो कागद आपल्या बोलीत सांगेल. बायांनाही कळेल असा. अर्थ कुणी समजावला आणि कसा, हे आधी बघा. मग मत द्या.

उद्या सकाळी त्या सात घरांपासून सुरुवात करू.

जिंदाबाद.