हरलेल्या हंगामांचा हिशेब



आज एका माणसाच्या कारकिर्दीबद्दल बोलणार आहे आणि शेवटी तुम्हा प्रशिक्षकांकडून एक ठराव मागणार आहे.

ग्रेग पोपोविच हे नाव बास्केटबॉलवाल्यांना नवं नाही. एनबीएतल्या सॅन अँटोनियो स्पर्सचे ते १९९६ पासून मुख्य प्रशिक्षक होते. आजारपणानंतर मे २०२५ मध्ये त्यांनी पद सोडलं, तेव्हा पाच अजिंक्यपदं आणि नियमित हंगामांतले १,४२२ विजय त्यांच्या नावावर होते. हा एनबीएतला विक्रम आहे. हे आकडे तुम्हाला पाठ असतील. मी बोलणार आहे ते त्यांच्या पराभवांबद्दल.

१९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना आणि पिट्झर या दोन छोट्या कॉलेजांच्या एकत्रित संघाची सूत्रं त्यांनी घेतली. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हती, मुलं मुळात अभ्यासाची. पहिल्या हंगामात विजय २, पराभव २२. त्यातला एक पराभव कॅलटेककडून, म्हणजे शास्त्रज्ञ घडवणाऱ्या संस्थेकडून. लीगमध्ये सलग ९९ सामने हरलेल्या त्या संघाला अखेर विजय मिळाला, तो पोपोविच यांच्या मुलांविरुद्ध! आपल्याकडे विभागीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झालं, तरी संस्थेच्या सभेत सरांना जाब विचारला जातो. पोमोनानं मात्र त्यांना ठेवलं. १९८६ मध्ये त्याच संघानं ६८ वर्षांनी लीगचं विजेतेपद पटकावलं.

त्यानंतर पोपोविच यांनी काय केलं? अभ्यासरजा घेतली. नॉर्थ कॅरोलिनात डीन स्मिथ आणि कॅन्ससमध्ये लॅरी ब्राउन यांच्या हाताखाली हा विजेत्या संघाचा प्रशिक्षक पुन्हा शिकाऊ झाला. पुढे १९८८ मध्ये याच ब्राउन यांनी त्यांना सहायक म्हणून स्पर्समध्ये नेलं.

आता जरा अडचणीचं बोलतो. डिसेंबर १९९६ मध्ये पोपोविच स्पर्सचे सरव्यवस्थापक होते. संघानं १८ पैकी फक्त ३ सामने जिंकले होते. मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे बाहेर होता. प्रशिक्षक बॉब हिल यांनी आधीच्या दोन हंगामांत ६२ आणि ५९ सामने जिंकून दिले होते. तरी पोपोविच यांनी त्यांना काढलं आणि त्या जागी स्वतः बसले. उरलेल्या ६४ सामन्यांत त्यांचा संघ १७ जिंकला, ४७ हरला. दुसरा कुणी असता तर त्याचीही गच्छंती झाली असती; इथे काढणारे तेच होते. त्या दारुण हंगामानंतर तळाच्या संघांच्या सोडतीत स्पर्सचा पहिला नंबर लागला आणि टिम डंकनसारखा खेळाडू हाती आला. दोनच वर्षांत, १९९९ मध्ये, पहिलं अजिंक्यपद आलं.

म्हणून केवळ गुणांच्या जोरावर माणूस शिखरावर पोहोचतो, ही गोष्ट मी तुम्हाला सांगणार नाही. पोपोविच यांच्याकडे गुण होतेच. त्यांना वेळही मिळाला. एकदा कॉलेजच्या समजूतदारपणामुळे, दुसऱ्यांदा हातातल्या अधिकारामुळे. हिल यांना तो मिळाला नाही.

मिळालेल्या वेळाचं त्यांनी काय केलं, तेही पाहा. २०१३ ची अंतिम मालिका, मायामीतला सहावा सामना. २८ सेकंद उरलेले, स्पर्स पाच गुणांनी पुढे. चषक जवळजवळ हातात. पोपोविच यांनी डंकनला बाकावर बसवलं होतं. आघाडी तीन गुणांवर आली असताना हुकलेल्या फटक्याचा रिबाउंड मायामीनं घेतला, रे अ‍ॅलननं कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका मारला आणि बरोबरी झाली. जादा वेळेत स्पर्स हरले. त्या रात्री संघासाठी आधीच जागा राखून ठेवलेल्या उपाहारगृहात पोपोविच सगळ्यांना घेऊन गेले, जेवायला बसवलं, एकेकाची विचारपूस केली. सातवा सामनाही गेला. पण कुणावर खापर फुटलं नाही, संघ मोडला नाही. पुढच्या वर्षी त्याच मायामीला त्यांनी ४-१ असं हरवलं आणि चारही विजय किमान १५ गुणांनी मिळवले.

त्यांनी इतरांनाही उभं केलं. २०१४ मध्ये बेकी हॅमन यांना त्यांनी पूर्णवेळ, पगारी सहायक नेमलं. एनबीएत असं पद मिळालेल्या त्या पहिल्या महिला. पुढे महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये लास वेगासला त्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिलं. पोपोविच यांचे अनेक वर्षांचे सहायक माइक बुडनहोल्झर यांनी २०२१ मध्ये मिलवॉकीला अजिंक्य केलं.

तेव्हा माझा ठराव असा. प्रशिक्षकाची नेमणूक किमान चार वर्षांची असावी आणि पदकांची बेरीज चौथ्या वर्षाअखेर व्हावी. प्राध्यापकांप्रमाणे प्रशिक्षकालाही अभ्यासरजा मिळावी. आणि हाताखालच्या सहायकाला, विशेषतः आपल्या भगिनींना, मुख्य प्रशिक्षकपदाची संधी मिळावी. पहिल्या दोन मागण्या शासनाकडे आणि संस्थाचालकांकडे आहेत. तिसरीसाठी कुणाकडे अर्ज करायची गरज नाही. ती या सभागृहात बसलेल्या प्रत्येक मुख्य प्रशिक्षकाच्या हातात आहे. सुरुवात तिथूनच करू या.