आकाशाकडे बोट दाखवताना

श्रोतेहो, लडाखमधल्या हानले इथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, ४ ऑक्टोबर २०२४ रोजी एका प्रचंड दुर्बिणीचे उद्घाटन झाले. तिचे नाव ‘मेस’, व्यास २१ मीटर. आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ती उभारली. मी कवितेचा माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. पण एका तपशिलाने मला थांबवले. या दुर्बिणीत एकच एक आरसा नाही, आरशांचे ३५६ फलक आहेत. इतक्या आरशांना एकाच जागी पाहायला लावायचे कसे? आणि दुर्बीण नेमकी कुठे पाहते आहे, हे ठरवायचे कसे?

आधी ती काय पाहते ते सांगतो. गॅमा किरण हे प्रकाशाचेच भावंड, पण ऊर्जेने फार थोर. ते जमिनीवर पोचत नाहीत. वातावरणात शिरताच त्यांच्यापासून कणांची सर तयार होते आणि ते कण धावताना फिकट निळा उजेड सांडतात. त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. तो टिकतो सेकंदाचे काही अब्जांश भाग. अंधाऱ्या, निरभ्र रात्री दुर्बीण ही चमक टिपते आणि तिच्या ठशावरून मूळ किरण कुठून आला याचा माग काढला जातो. म्हणजे किरण दिसतच नाही, दिसते ती त्याची खूण.

ही विद्या ज्यांनी फार पुढे नेली, त्यांत नामिबियातली ‘हेस’ वेधशाळा येते. तिथल्या पहिल्या चार दुर्बिणी २००३ अखेर उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ६० सेंटिमीटरचे सुमारे ३८० गोल आरसे. कॅमेरा आरशांपासून १५ मीटर पुढे. एखादा आरसा कडेला एक मिलिमीटर जरी कलला, तरी त्याचा उजेड कॅमेऱ्यावर पाच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे शेजारच्या घरात जातो. म्हणून प्रत्येक आरशामागे दोन छोट्या मोटरी आहेत. आरसे जुळवताना कॅमेऱ्याचे झाकण बंद करून त्याचाच पडदा करतात आणि दुर्बीण एखाद्या ठळक ताऱ्याकडे वळवतात. मग त्या एका ताऱ्याचे शेकडो ठिपके पडद्यावर विखुरलेले दिसतात. एकेक आरसा हलवून एकेक ठिपका मध्यभागी आणायचा. शेवटी सगळ्यांचा मिळून एकच तारा उरतो.

एवढ्याने भागत नाही. दुर्बीण वर-खाली झुकली की कॅमेरा धरणारे पोलादी हात स्वतःच्या वजनाने किंचित वाकतात. हे वाकणे थांबवता येत नाही, पण मोजता येते. आकाशाच्या निरनिराळ्या भागांतल्या, जागा पक्की ठाऊक असलेल्या ताऱ्यांवर दुर्बीण रोखायची आणि ठिपका मध्यापासून किती ढळला ते नोंदवत जायचे. त्या नोंदींवरून पुढे निरीक्षणांत दुरुस्ती करायची.

लहानपणी ईदचा चंद्र दाखवताना मोठी माणसे आधी झाडाची फांदी दाखवत आणि म्हणत, ‘त्या टोकाच्या जरा वर बघ.’ मराठीत याला शाखाचंद्रन्याय म्हणतात. दुर्बिणीचा न्यायही तोच. न दिसणाऱ्याचा पत्ता दिसणाऱ्यावरून काढायचा.

पण इतका काटेकोरपणा कशासाठी? आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागातून गॅमा किरण येतात. तिथे सुमारे ४० लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि त्याला लागूनच एका स्फोट झालेल्या ताऱ्याचे अवशेषही आहेत. किरण कुणाचे? नेमाची चूक मोठी असेतो दोघांवरही संशय. ‘हेस’च्या शास्त्रज्ञांनी प्रत्येक अक्षावरची ही चूक २० विकलांवरून ६ विकलांवर आणली. रुपयाचे नाणे पाऊण किलोमीटरहून थोडे लांब धरावे, तेव्हा ते जेवढे दिसेल तेवढ्या या ६ विकला. २०१० साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की त्या ताऱ्याचे अवशेष हा मुख्य उगम नव्हे. कृष्णविवर आणि त्याच्या अगदी निकटचा एक तेजोमेघ, या दोघांतला निवाडा मात्र त्यांनी केला नाही. मोजमाप जिथवर पोचले, तिथवरच ते बोलले.

‘मेस’च्या फलकांमागेही अशाच मोटरी आहेत. तिच्याकडून शोध लागतील तेव्हा त्यांच्या बातम्या होतील. आरशांच्या जुळणीची बातमी सहसा होत नाही. पण शोधाचा भरवसा त्या जुळणीवरच उभा असतो. श्रोतेहो, आपणही रोज कुणाकडे ना कुणाकडे बोट दाखवतो. ‘हेस’च्या मंडळींनी निष्कर्षाशेजारी आपली उरलेली चूकही आकड्यात लिहून ठेवली. आपला हात किती कललेला आहे, हे आधी तपासायची ती सवय आपल्यालाही लागावी, एवढेच म्हणून थांबतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)