उसाच्या फडातील मूत्रपिंडाचा विकार

श्रोतेहो, ऊसतोडीचे कष्ट आपणांस सांगायला नकोत. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत याच कामावरचे ऐन उमेदीतले गडी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागले. २००२ साली एल साल्वादोरमधील डॉक्टरांनी याकडे लक्ष वेधले. नवल असे, की बहुतेकांना ना मधुमेह, ना आधीपासूनचा रक्तदाब!

मग कारण काय? इथे मतभेद आहेत. कोणी म्हणतात, रणरणत्या उन्हात तासन् तास घाम गाळणे आणि पाणी कमी पडणे, हेच मूळ. कोणी पिकांवरच्या विषारी औषधांकडे बोट दाखवतात. वाद अजून मिटलेला नाही.

पण तोवर मजुराने वाट का पाहावी? निकाराग्वातील फडांवर पाणी, विसावा आणि सावली यांची सोय वाढवली, तेव्हा मूत्रपिंडांची इजा कमी झाल्याचे दिसले.

मात्र मजुरी वजनावर असली, की घटकाभर बसणेही महाग पडते. म्हणून नुसते ‘पाणी प्या हो’ म्हणून भागणार नाही. विसाव्याची वेळ कामाच्या हिशेबातच धरली पाहिजे. साखरेची गोडी मजुराच्या जिवावर नको!