चंद्राचा हिशेब आणि हिशेबाची माणसे



आम्ही कामगार-संघटनेत उमेद घालविलेली माणसे. ज्योतिषशास्त्र शिकलो ते रात्री उसन्या पुस्तकांतून. तेव्हा विषय चंद्राचा असला तरी आमची नजर मजुरीच्या वहीकडे वळणारच!

भर समुद्रात रेखांश काढण्याची एक जुनी रीत होती. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. एखाद्या ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर खलाशाने सेक्स्टंटने मोजावे, ते अंतर ग्रिनिचच्या कोणत्या वेळेचे हे कोष्टकात पाहावे. त्या वेळेत व जहाजावरील वेळेत जो फरक, त्यावरून रेखांश. परंतु पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे चंद्राच्या तीसपट. म्हणून कोष्टकात एका कलेची, अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली की विषुववृत्तावर जहाज सुमारे ३० सागरी मैल चुकते. खडकावर आपटायला तेवढे पुरे!

टोबियास मायर या जर्मन पंडिताच्या चंद्रगणितावरून नेव्हिल मॅस्केलिनने १७६७ सालापासूनचे नाविक पंचांग काढले. त्यातले आकडे कोण मांडी? गावोगावची माणसे, घरी बसून, कामागणिक दामावर. दोघांनी स्वतंत्रपणे गणित करायचे, तिसऱ्याने ताडून पाहायचे. एकदा दोघा गणकांनी एकमेकांचे आकडे उतरवून घेतले. ताडणाऱ्या मॅलाकी हिचिन्सने ते पकडले आणि दोघांचेही काम गेले. आम्ही मजुरांचे कैवारी खरे. पण येथे आम्ही हिचिन्सच्या बाजूचे. त्या आकड्यांवर खलाशांचे प्राण होते, आणि खलाशीही मजूरच.

आता दुसरी बाजू पाहा. लडलो गावी जॉन एडवर्ड्स हा कागदोपत्री गणक होता. १७८४ साली तो वारला, तेव्हा कळले की बहुतेक गणित त्याची पत्नी मेरीच करीत असे! पुढे १८१५ साली मरेपर्यंत तिने ते स्वतःच्या नावावर केले, नंतर मुलगी एलायझाने. १८३२ साली काम लंडनच्या कचेरीत एकवटले. सरकारी नोकरीत स्त्रियांना जागा नव्हती. एलायझाचे काम गेले. तिच्या गणितात मात्र खोट नव्हती.

आमच्या युनियनमध्ये वर्गणीचा हिशेब दोघे मांडतात. त्यांना आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो, आणि हिशेबाखाली ज्याने तो केला त्याचीच सही घेतो. पहिली गोष्ट त्या दोघा गणकांनी आम्हांला शिकवली, दुसरी मेरी एडवर्ड्सने.