बाणाची जुनी पिसं काढताना



ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत ओजस देवतळेनं अंतिम फेरीत पंधरा बाण मारले आणि दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ असतं अवघं आठ सेंटिमीटरचं. त्याच स्पर्धेत सतरा वर्षांची अदिती स्वामीही जगज्जेती झाली. दोघंही साताऱ्यात तयार झालेले. त्यांचं यश पाहून आपल्याकडच्या मुलांनाही धनुष्य हाती घ्यावंसं वाटणारच. त्यांच्यासाठी आज बाणाच्या देखभालीविषयी थोडं.

बाण लक्ष्यावर एकमेकांना घासतात, पिसं फाटतात. आता ती प्लास्टिकची असली तरी आपण पिसंच म्हणतो. फाटक्या पिसाचा बाण वाकडा जातो, पण कार्बनची दांडी शाबूत असली तर तो फेकायचं कारण नाही.

आधी मागची खाच, म्हणजे नॉक, काढून ठेवा. दांडीवर स्टिकरसारखा रॅप असेल तर काम सोपं. मागचं टोक थोडा वेळ गरम पाण्यात धरा किंवा हेअर ड्रायरची हवा द्या. गोंद सैल झाला की रॅपची कड उचलून सोला, पिसंही त्याच्याबरोबर येतील. रॅप नसेल तर बोथट पातं दांडीला जवळजवळ आडवं टेकवून लांबीच्या दिशेनं, अंगापासून दूर सरकवा. पातं उभं धराल तर कार्बनचे धागे कापले जातील.

मेणबत्ती किंवा गॅसची ज्योत मुळीच नको. कार्बनचे धागे राळेनं बांधलेले असतात, ती उष्णतेनं बिघडते. थिनर, ॲसिटोन मिळायला अडचण नसते. पण म्हणून बाण त्यात बुडवून ठेवू नका. उरलेला गोंद स्पिरिटच्या फडक्यानं पुसला की पुरे.

दांडी साफ झाली की ती कानाजवळ धरून हलकेच वाकवा. करकर आवाज आला किंवा तडा दिसला, तर तो बाण बाद. असा बाण सुटताना फुटला तर त्याच्या चिरफळ्या हातात घुसतात.

नवी पिसं लावताना एकट्या बाणाचा विचार करू नका. रॅपमुळे शेपटाचं वजन बदलतं, पिसांमुळे फिरकी बदलते, म्हणून एकच बाण बदलला तर तो बाकीच्यांपेक्षा वेगळा जातो. स्पर्धेचा नियमही हाच: एका फेरीतल्या सगळ्या बाणांची पिसं, नॉक आणि रंगपट्टे सारखे हवेत, आणि दांडीवर खेळाडूचं नाव किंवा आद्याक्षरं हवीत.

म्हणून मुलांनो, पिसं बदलायची तर अख्ख्या संचाची बदला, आणि पहिले काही बाण मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली साफ करा.