एचडीएमआय स्विच घेताय? त्यात काय लावायचं नाही, ते आधी ठरवा

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय एकदम छोटा आहे. तळहातावर मावेल एवढी काळी डबी, एचडीएमआय स्विच. टीव्हीला पोर्ट कमी आणि घरात डिव्हाइस जास्त झाले की आपण सगळे हीच शोधायला लागतो. मीही शोधली. ४५० रुपयांना घेतली. आणि त्या ४५० रुपयांपायी माझ्या आईबाबांनी जवळजवळ आठ महिने हॉलमधला टीव्ही बघितला नाही. मला पत्तासुद्धा नव्हता.

तर पहिल्यापासून सांगतो.

मी नोकरीला बेंगळुरूत. आईबाबा डोंबिवलीला. बाबा रिटायर्ड, आणि गेल्या काही वर्षांत त्यांना कमी ऐकू यायला लागलंय. टीव्हीचा आवाज ते एवढा वाढवायचे की खालच्या मजल्यावरच्या काकू क्रिकेटचा स्कोअर आम्हाला सांगायच्या. म्हणून दिवाळीत बोनस आला तेव्हा मी ठरवलं, की हॉलमध्ये छोटंसं होम थिएटर करायचं. आमचा ४३ इंची ४के टीव्ही होता, त्याला साउंडबार आणला. संवाद ठळक ऐकू येण्याचा मोड असलेला. बाबांसाठी.

आता टीव्हीला एचडीएमआय पोर्ट तीन. लावायच्या गोष्टी पाच. सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, माझा जुना पीएस४, लॅपटॉपची वायर आणि साउंडबार. मी गेलो लॅमिंग्टन रोडला. दुकानदाराने पाच पोर्टचा स्विच काढून दिला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘४के’. मी विचारलं, सगळं चालेल ना? तो म्हणाला, “फोर के है भाई, सब चलेगा.” मीही फार चौकशी केली नाही. इंजिनिअर ना आपण!

घरी येऊन पाचही वायरी त्या डबीत खोचल्या. एकच वायर टीव्हीला. मागे कसलं जंजाळ नाही, एकदम नीटनेटकं. फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला.

पहिला झटका तासाभरात बसला. साउंडबारमधून आवाजच नाही.

हे नीट ऐका, कारण यात भलेभले फसतात. एचडीएमआय वायरमध्ये चित्र आणि आवाज डिव्हाइसकडून टीव्हीकडे जातात. पण साउंडबारला आवाज हवा असतो टीव्हीकडून. म्हणजे उलट्या दिशेने. त्यासाठी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ आलं तेव्हा एआरसी नावाची सोय आली, ऑडिओ रिटर्न चॅनेल. त्याच वायरमधून आवाज परत. नव्या टीव्हीत तिची मोठी बहीण ईएआरसी असते. पण साधा स्विच म्हणजे वन-वे रस्ता. त्यातून आवाज परत येत नाही. म्हणून साउंडबार कधीही स्विचमध्ये लावायचा नाही. टीव्हीच्या मागे ज्या पोर्टवर ‘एआरसी’ लिहिलेलं असतं, थेट त्यात लावायचा.

ते केलं. आवाज आला. बाबा खूश. मी बेंगळुरूला परत.

दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन. “अरे, स्क्रीन काळी होतेय.” सिनेमा लावला की दोन सेकंद चित्र, मग अंधार, मग परत चित्र. मला वाटलं इंटरनेट. इंटरनेट कुठलं! ती डबीच.

झालं काय ते सांगतो. स्टिक चालू झाली की ती आधी टीव्हीला विचारते, बाबा रे, तुला काय काय झेपतं? टीव्ही आपली यादी पाठवतो. या यादीला ईडीआयडी म्हणतात. आमच्या टीव्हीने सांगितलं, ४के, सेकंदाला ६० फ्रेम. स्टिक म्हणाली, ठीक, पाठवते. पण मध्ये बसलेल्या डबीला ते झेपत नव्हतं. ती होती एचडीएमआय १.४ च्या काळातली, म्हणजे जास्तीत जास्त १०.२ जीबीपीएस. त्यात ४के जातं, पण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच. ६० फ्रेम पूर्ण दर्जात हवे असतील तर १८ जीबीपीएस लागतात, आणि ते २०१३ च्या एचडीएमआय २.० मध्ये आले. बॉक्सवरचं ‘४के’ खोटं नव्हतं. अर्धवट होतं.

म्हणून बॉक्सवर नुसतं ‘४के’ दिसलं की पुढचा प्रश्न विचारायचा. किती हर्ट्झ? ‘४के ६० हर्ट्झ, १८ जीबीपीएस’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यायचा.

त्याच्या शेजारी अजून एक शब्द शोधायचा, एचडीसीपी २.२. हे कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप. स्ट्रीमिंग अ‍ॅप ४के चित्र पाठवण्याआधी तपासतं, की वाटेतल्या प्रत्येक डिव्हाइसकडे ही किल्ली आहे का. साखळीत एकाकडे जरी नसली तरी चित्र १०८०पी वर उतरतं, नाहीतर एरर येतो. टीव्ही ४के, स्टिक ४के, सबस्क्रिप्शनही ४के चं, आणि मधली डबी जुनी. पैसे पूर्ण, चित्र अर्धं.

पण मंडळी, हे सगळं परवडलं. खरा घोळ तिसरा होता.

माझा स्विच ‘ऑटो’ होता. म्हणजे कुठलंही डिव्हाइस चालू झालं की आपोआप त्याच्यावर जायचं. ऐकायला किती छान वाटतं! आता डोळ्यासमोर आणा. आईने रात्री सेट-टॉप बॉक्स बंद केला. त्याचा सिग्नल गेला. स्टिक तर चोवीस तास चालूच, म्हणून स्विचने स्टिकवर उडी मारली. सकाळी आईने बॉक्स चालू केला, तर कधी स्विच परत यायचा, कधी नाही. आई टीव्हीच्या रिमोटवर चॅनेल दाबतेय, समोर भलतीच स्क्रीन.

मग आमचे फोनवरचे संवाद असे:

“आई, त्या काळ्या डबीवरचं बटण दाब.”

“डबी टीव्हीच्या मागे आहे रे. माझा हात पोचत नाही.”

“बाबांना सांग.”

“ह्यांना वाकता येत नाही, माहितीये ना तुला.”

“बरं, मग इनपुट बदल.”

“कुठलं इनपुट? टीव्हीचं की डबीचं?”

प्रश्न बरोबर होता तिचा. टीव्हीला एक इनपुट, स्विचला वेगळं, आणि दोन्ही जुळले तरच चित्र. आपल्याला हे डोक्यात बसलेलं असतं. पण ज्याने आयुष्यभर एक बटण दाबून टीव्ही लावला, त्याने का लक्षात ठेवायचं?

एकदा मी मीटिंगमध्ये होतो. तिसऱ्यांदा फोन आला. मी चिडून म्हणालो, “आई, किती वेळा सांगू?” ती म्हणाली, “राहू दे. तू काम कर.”

त्यानंतर टीव्हीसाठी फोन आलाच नाही. मी खूश. वाटलं, शिकली बुवा एकदाची.

गणपतीला घरी गेलो. रात्री उशिरा पोचलो. मॅच चालू होती, पण हॉलमध्ये अंधार. टीव्हीवर आईने जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलेलं. बाबा आत पलंगावर, आईचा फोन कानाजवळ धरून बसलेले. साडेसहा इंचांच्या स्क्रीनवर मॅच. मध्येच चित्र बघायला फोन डोळ्यांसमोर, मग ऐकायला परत कानाशी.

मी विचारलं, “बाबा, हॉलमध्ये का नाही बघत?” ते म्हणाले, “तो तुझा टीव्ही आहे. आमच्याने नाही लागत.”

तुझा टीव्ही. ज्यांच्यासाठी साउंडबार आणला होता, ते फोनच्या स्पीकरला कान लावून बसले होते. आणि ते माझ्यावर चिडलेले नव्हते, हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वायरी काढल्या. या वेळी कागद घेतला आणि पहिल्यांदा हे लिहिलं, की घरात कोण काय बघतं. आईबाबा ९० टक्के वेळ सेट-टॉप बॉक्स. स्टिक रविवारी, आणि तीही भाची आली तर. पीएस४ फक्त मी, वर्षातून दोनदा. लॅपटॉप लग्नाचे फोटो बघायला.

मग उत्तर समोरच होतं. तीन पोर्ट. एकात साउंडबार, एआरसीचा पोर्ट. दुसऱ्यात सेट-टॉप बॉक्स, थेट, मध्ये डबी नाही. तिसऱ्यात स्विच, आणि स्विचमध्ये स्टिक, पीएस४, लॅपटॉप. आईबाबांच्या वाटेत स्विच येतच नाही. टीव्ही लावला की शेवटचं इनपुट तेच राहतं, बॉक्स चालू केला की बातम्या सुरू.

नवा स्विच घेतला तीन पोर्टचा, १,८५० रुपयांना. एचडीएमआय २.०, १८ जीबीपीएस, एचडीसीपी २.२. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला. याचंही कारण सांगतो. बिनअ‍ॅडॉप्टरचा स्विच त्या वायरीतल्याच ५ व्होल्टवर जगतो, आणि तिथून मिळणारा करंट अगदी थोडा असतो. लांब वायर किंवा ४के आलं की तो धापा टाकतो. याला रिमोटही आहे, त्यावर १, २, ३ अशी सरळ बटणं. आणि सर्वात महत्त्वाचं, ऑटो बंद करता येतं. मी ते पहिल्या मिनिटाला बंद केलं.

आता तुमच्यातल्या वेगवेगळ्या लोकांसाठी पटापट.

पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स आहे आणि टीव्ही १२० हर्ट्झचा? मग १८ जीबीपीएस पुरणार नाही. ४८ जीबीपीएसवाला एचडीएमआय २.१ स्विच मिळतो, पण महाग. त्यापेक्षा कन्सोल थेट टीव्हीच्या १२० हर्ट्झवाल्या पोर्टमध्ये लावा, बाकीचे स्विचवर टाका. गेममध्ये लॅग येईल का, असं खूप जण विचारतात. साधा स्विच चित्रावर काही प्रक्रिया करत नाही, त्यामुळे जाणवण्यासारखा लॅग येत नाही. इनपुट बदलताना दोन-चार सेकंद काळी स्क्रीन दिसते, ती ओळख पटवण्याची वेळ. घाबरू नका.

टीव्हीला एआरसीच नाही? मग ऑडिओ वेगळा काढून देणारा स्विच घ्या, ज्याच्या मागे ऑप्टिकल पोर्ट असतो. मात्र ऑप्टिकलमधून स्टिरिओ किंवा साधं डॉल्बी ५.१ एवढंच जातं. आणि त्या स्विचवर आवाजाचा मोड निवडायचं छोटं बटण आहे का बघा. नाहीतर टीव्ही सांगतो ‘मला स्टिरिओच कळतं’, आणि तुमच्या पाच स्पीकरना दोनचाच आवाज मिळतो.

एव्ही रिसीव्हर आहे? मग त्याच्या मागे बघा. चार-पाच एचडीएमआय इनपुट असतील. तोच तुमचा स्विच आहे. पैसे वाचवा.

आणि स्प्लिटर मागू नका! स्विच म्हणजे अनेक डिव्हाइस, एक टीव्ही. स्प्लिटर म्हणजे एक डिव्हाइस, अनेक टीव्ही. ऑनलाइन शोधलं की दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि फोटोही सारखेच.

शेवटची टीप, फुकटची. स्विच बदलूनही ४के नीट येत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. बऱ्याच टीव्हींत त्या त्या पोर्टसाठी पूर्ण क्षमतेचा सिग्नल वेगळा चालू करावा लागतो. कंपनीगणिक नाव वेगळं, कुठे ‘एनहान्स्ड’, कुठे ‘डीप कलर’. आणि वायरी आखूड ठेवा. १८ जीबीपीएससाठी साध्या तांब्याच्या वायरीत फार लांब जाऊ नका, दोन-तीन मीटरात भागवा.

तर खरेदीआधी करायचं एवढंच. कागद घ्या, घरात कोण काय बघतं ते लिहा. ज्याला टेक्निकल काही जमत नाही, त्याचं डिव्हाइस थेट टीव्हीला. साउंडबार थेट टीव्हीला. उरलेलं स्विचला. आणि मग बॉक्सवर बघा, ६० हर्ट्झ, १८ जीबीपीएस, एचडीसीपी २.२, अ‍ॅडॉप्टर, रिमोट, ऑटो बंद करायची सोय.

निघायच्या आदल्या रात्री मी सेटिंग दाखवायला बसलो तर बाबा म्हणाले, “थांब, मला लावू दे.” टीव्हीचं बटण, बॉक्सचं बटण. लागला. त्यांनी आवाज वाढवला. मग थोडा कमी केला. म्हणाले, “एवढा बास. खालच्या काकूंना त्रास नको.”

साडीचं कव्हर आईने अजून ठेवलंय. म्हणते, धुळीला बरं पडतं. पण संध्याकाळी सातला ते निघतं.

तुमच्या घरीही आईबाबांनी असं एखादं उपकरण गुपचूप वापरणं सोडलंय का? एकदा फोन करून विचारा. ते ‘चाललंय की सगळं’ म्हणाले, तर पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा स्वतः बघा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आवाज बेताचा ठेवा!