पोरांच्या हाताला मोकळं सामान द्या

(बालवाडीच्या पालकांपुढे केलेले भाषण)



आमचं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं वाचन सूतगिरणीच्या पाळ्या सांभाळून झालं. त्यामुळे चुकलं-माकलं पोटात घालावे.

आमचा थोरला चार वर्षांचा होता. बोनसच्या पैशातून त्याला चावीची मोटार आणली. दोन दिवस पळाली, तिसऱ्या दिवशी त्याने ती खोलून पाहिली. आम्ही त्याला मारले. आज त्याची लाज वाटते. पोरगं आत काय आहे ते शोधत होतं, आणि आम्ही पैसे मोजत होतो. त्याच वेळी घरात गिरणीतले पुठ्ठ्याचे टाकाऊ कोन होते, बंबात जाळायला आणलेले. त्या कोनांचा कर्णा झाला, टोपी झाली, एकात एक घालून गिरणीची चिमणी झाली. मोटार ही मोटारच राहते. कोन म्हणजे काय, हे पोरानं ठरवायचं असतं.

हे आमच्या डोक्यातलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला हे काम सुरू केले. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. माँटेसरीची साधने महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य. ते अंगण आपल्या माणसांचं होतं.

आता तीन वर्षांच्या पोराच्या एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात मोबाइल. आया विचारतात, खेळून काय पोट भरतं? आम्ही म्हणतो, सांगितलेलं काम करण्यात आपली हयात गेली. स्वतःच्या मनानं काही रचायची संधी आपल्याला कुठं मिळाली? लेकराला तरी मिळू द्या.

एका खोक्यात करवंट्या, डबे, मोठी झाकणं, चिंध्या टाका. ओली माती द्या, कपडे मळू देत. फक्त तीन वर्षांच्या आतल्याला चिंचोके, मणी नकोत, नाका-तोंडात घालतात. आणि "घर असं असतं का?" म्हणून त्याचं मोडून आपण नीट रचून देऊ नका. ही खोड बापांना जास्त, आम्हालाही होती. जवळ बसा, त्यानं विचारलं तर बोला.

विहाराच्या मागच्या खोलीत कोनांचं एक पोतं ठेवलं आहे. ज्यांना पाहिजेत त्यांनी न्यावेत. बंबात मात्र घालू नका.